विजेची शेगडी, इंडक्शन आणि ओटीजी: सुटे भाग शोधण्याबद्दल आणि मागवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन अशी अखंड विजेची रेंज सोलापुरात मोजक्याच घरांत दिसते. इथल्या ओट्यावर तेच काम वेगवेगळी यंत्रं वाटून घेतात: इंडक्शन, कॉइलची शेगडी, बंद हॉट प्लेट, ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), आणि नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवलेला ओव्हन. शहरातून आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून सुट्या भागांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत.

एक सूचना सगळ्याच उत्तरांना लागू आहे. यंत्र उघडण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि मग बटण बंद असूनही आत करंट असतो.

१. दुकानदार मॉडेल नंबर विचारतो. तो नेमका कुठं असतो?

प्रत्येक यंत्रावर एक पाटी असते: व्होल्ट, वॅट, मॉडेल आणि सिरीयल नंबर छापलेली. इंडक्शनवर ती तळाला असते, ओटीजीवर मागच्या पत्र्यावर. भिंतीतल्या ओव्हनचं दार उघडलं की दाराच्या कडेला किंवा चौकटीवर दिसते. हॉट प्लेटची पाटी तळाला असते आणि बहुतेक वेळा तेलाने माखलेली असते. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा. थिनर लावू नका, अक्षरं निघून जातात.

नंबर उतरवून घेण्यापेक्षा फोटो काढा, आणि पूर्ण पाटीचा काढा. खोडी नंबराच्या शेपटात असते. फिलिप्सच्या नंबरात तिरक्या रेघेनंतर ००, ०१ असे आकडे येतात. मुख्य नंबर तोच राहून हे आकडे बदलले, की आतला बोर्ड वेगळा असू शकतो. बॉश आणि सीमेन्सच्या पाटीवर ‘ई-एनआर’ हा नंबर पार्टसाठी लागतो, त्याच्याशेजारचा ‘एफडी’ नंबर उत्पादनाचा महिना सांगतो. एफडी ९४०५ असेल तर ९४ मध्ये २० मिळवा. ११४ येतात, त्यातले शेवटचे १४ म्हणजे २०१४, आणि ०५ म्हणजे मे महिना.

२. पाटीच उरलेली नाही. आता काय सांगून पार्ट मागायचा?

आधी बिल, वॉरंटी कार्ड आणि माळ्यावर टाकलेलं खोकं बघा. खोक्यावरच्या स्टिकरवर मॉडेल असतंच. तेही नसेल तर यंत्राचा नाद सोडून थेट पार्टकडे जा. थर्मोस्टॅट, टायमर, पंखा, मोटर, स्विच या सगळ्यांवर त्यांच्या कारखान्याचा स्वतःचा नंबर असतो, आणि तोच भाग निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत बसलेला असतो. त्या नंबरावरून शोधलं तर कित्येकदा कंपनीच्या नावाची गरजही पडत नाही.

नंबर नसलेले भाग, म्हणजे रॉड, काच, नॉब, मोजून घ्यावे लागतात. पट्टी शेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढा. रॉडसाठी काय मोजायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे, काचेसाठी प्रश्न १० मध्ये.

३. नक्की कोणता पार्ट गेलाय हे घरी कळतं का, की मेकॅनिकच लागतो?

गरम करणारा भाग गेलाय की नाही, एवढं घरी नक्की कळतं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. यंत्र थंड करा, प्लग काढा, रॉडच्या दोन टोकांपैकी एका टोकाची वायर सोडवा. ती सोडवली नाही तर मीटर दुसऱ्याच रस्त्याने फिरून आलेला आकडा दाखवेल. मीटर २०० ओहमवर ठेवून दोन्ही टोकं मोजा.

आकडा किती यायला हवा? ५२,९०० ला वॅटने भागा. हे २३० चा वर्ग करून आलेलं आहे. १००० वॅटला सुमारे ५३ ओहम, १२०० ला ४४, १५०० ला ३५ आणि २००० ला २६. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर रॉड आतून तुटलाय.

मग मीटर सर्वांत वरच्या रेंजवर नेऊन रॉडचं टोक आणि त्याचं बाहेरचं लोखंडी आवरण यांच्यात मोजा. इथे काहीही आकडा येता कामा नये. आला तर रॉडमधून गळती आहे. मात्र तो लगेच फेकू नका, आधी प्रश्न १२ वाचा.

रॉड ठीक निघाला तर दोष स्विच, थर्मोस्टॅट, टायमर किंवा जोडणीत असतो. ‘रॉड गेला’ म्हणून आलेल्या ओटीजींमध्ये नुसती थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची दाबून बसवलेली पत्र्याची टोपी, जळून सुटलेली असते, असं बऱ्याचदा निघतं. पैसे खर्च करण्याआधी काळी पडलेली जोडणी शोधा. इंडक्शनचं निदान वेगळ्या पद्धतीने होतं, ते प्रश्न ८ मध्ये.

४. कॉइलच्या शेगडीची तार तुटली. पीळ देऊन जोडली तर चालेल ना?

पेटेल, पण टिकणार नाही. नायक्रोमच्या, म्हणजे शेगडीच्या या तारेच्या, पिळाचा सांधा नीट बसत नाही, तिथे जास्त तापतं आणि तार त्याच जागी पुन्हा तुटते. शिवाय जोडताना तारेचा तुकडा कमी होतो. लांबी घटली की ओहम घटतात आणि वॅट वाढतात. तार आणखी लाल होते, मग आणखी लवकर जाते.

नवी कॉइल घ्या. वॅट सांगितले की इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. ती आखडलेल्या स्प्रिंगसारखी येते, आणि चिनी मातीच्या प्लेटच्या खाचेइतकी ताणावी लागते. आधी सुतळी खाचेत फिरवून खाचेची लांबी मोजा, मग दोन्ही टोकं धरून कॉइल एकदाच, सारखी ताणा. एके ठिकाणी वेटोळी दाट राहिली तर ती जागा जास्त लाल होऊन तिथेच तुटते. टोकाचे पितळी नट-बोल्ट काळे पडले असतील तर तेही बदला.

आमचं मत विचाराल तर उघड्या कॉइलवर फार खर्च करू नये. त्या तारेत थेट करंट असतो. दूध उतू गेलं किंवा स्टीलच्या पातेल्याचा बूड तारेला टेकला, तर झटका भांड्यातून हाताला बसतो. प्लेटही तडकली असेल तर त्याच वॅटची बंद हॉट प्लेट घेणं शहाणपणाचं.

५. रॉडचे वॅट तेच, दिसायलाही तसाच. मग ओटीजीत बसेलच ना?

सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. वॅटशिवाय चार गोष्टी जुळाव्या लागतात: टोकापासून टोकापर्यंतची लांबी, नळीची जाडी, टोकाचा प्रकार म्हणजे स्क्रू की चपटी पिन, आणि व्होल्ट. शेवटची गोष्ट कुणी बघतच नाही.

पुष्कळ ओटीजींमध्ये वरचे दोन रॉड एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. खालचे दोनही तसेच. प्रत्येक रॉड ११५ व्होल्टचा असतो आणि दोघं मिळून २३० पेलतात. अशा जोडीतला ४०० वॅटचा एक रॉड गेला आणि तुम्ही २३० व्होल्टचा ४०० वॅटचा आणून बसवला, तर काय होतं पाहा. जुन्याचे ओहम ३३, नव्याचे १३२, दोन्ही मिळून १६५. ८०० वॅट मिळायला हवे होते तिथे जेमतेम ३२० मिळतात, आणि त्यातलेही २५५ च्या आसपास एकट्या नव्या रॉडवर. वरचा रंग येत नाही, केक एका बाजूने पांढरा राहतो, आणि दोष मात्र ओव्हनला लागतो.

उलटं केलं तर जास्त वाईट. ११५ चा रॉड एकटा २३० वर लावला तर चौपट वॅट घेतो आणि बघता बघता जळतो.

म्हणून चांगल्या रॉडचे ओहम मोजा आणि दुकानात वॅटबरोबर ओहमही सांगा. सिरीजची जोडी असेल तर एक गेला तरी जोडीच बदला. जुना रॉड नव्यासारखा तापत नाही, आणि रंग कमी-जास्त येतो.

क्वार्ट्झचा, म्हणजे काचेच्या नळीचा रॉड हात कोरडे करून फडक्याने धरा. कुरिअरने मागवत असाल तर दोन मागवा. वाटेत फुटण्याचं प्रमाण बरंच आहे.

६. बंद लोखंडी हॉट प्लेटची डिस्क वेगळी मिळते का?

मिळते. आकार ठरलेले आहेत: १४५, १८० आणि २२० मिलीमीटर. साधी १४५ ची प्लेट १००० वॅटची, १८० ची १५०० ची, २२० ची २००० ची असते. मध्यभागी लाल ठिपका असेल तर ती जलद तापणारी प्लेट आहे, १४५ ला १५०० आणि १८० ला २००० वॅट. साध्या प्लेटच्या जागी लाल ठिपक्याची बसवायची झाली तर आधी स्विच आणि वायर तेवढा करंट पेलतील का ते तपासा.

प्लेटच्या खाली चार पिना असतात, आणि नॉबच्या पायऱ्या त्यांच्या जोडणीवर ठरतात. वायर सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक वायरला पिनेचा नंबर लिहून चिकटपट्टी लावा. हे राहिलं की मग ‘१ वर जास्त तापतं, ६ वर कमी’ असा प्रश्न येतो.

७. पार्ट बदलला, पण वायर महिन्याभरात पुन्हा जळाली. का?

वायर साधी पीव्हीसीची घातली असणार. ती ७० अंशांपर्यंतची असते. ओटीजी किंवा हॉट प्लेटच्या आत फायबरग्लासचं वेष्टण असलेली किंवा सिलिकॉनची वायर लागते, सिलिकॉनची साधारण १८० अंश सोसते. दुकानात ‘हीटरची वायर’ म्हणून मागा.

जोडणी डाग देऊन करू नका. नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि जोड सुटतो. थिंबल दाबूनच बसवायची. चपटी पिन बहुतेक ठिकाणी ६.३ मिलीमीटरची असते, काही स्विचना ४.८ ची. ढिली थिंबल पक्कडीने चेपून पुन्हा घालण्यात अर्थ नाही. एकदा तापून लवचीकपणा गेला की ती पकड धरत नाही.

प्लग किंवा सॉकेट काळं पडत असेल तर कारण बाहेर आहे. २००० वॅटला ८.७ अँपिअर लागतात. त्यासाठी १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग, तसंच सॉकेट आणि मागे २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर हवी. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून चालवलं, तर पार्ट कितीही बदला.

८. इंडक्शनचा फ्यूज उडाला. नवा घातला की तोही उडतो. काय करू?

थांबा, तिसरा घालू नका. काचेचा फ्यूज आतून काळा झाला असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. संशयित तीन: आयजीबीटी (कॉइलचा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा भाग), ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि व्हॅरिस्टर (वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा).

बोर्डला हात लावण्याआधी मोठा कपॅसिटर रिकामा करा. बहुतेक बोर्डांवर तो ५ मायक्रोफॅरडचा असतो आणि त्यात ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठून राहतो. दोन्ही टोकांना काही सेकंद फिलामेंटचा बल्ब लावा. पेचकसाने ठिणगी पाडू नका.

आयजीबीटी हा ॲल्युमिनियमच्या हीट सिंकला, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या ठोकळ्याला, आवळलेला तीन पायांचा भाग. छापील बाजू समोर धरली की डावीकडून गेट, कलेक्टर, एमिटर. मधला आणि उजवा पाय मीटरने दोन्ही दिशांनी मोजा. दोन्हीकडे शून्याजवळ आलं तर तो गेला. त्याच्यासोबत ब्रिज तपासा, कारण बऱ्याचदा दोन्ही एकदम जातात. मागवताना वरचा नंबर जसाच्या तसा द्या. ‘एच२०आर१२०३’ म्हणजे २० अँपिअर, १२०० व्होल्ट. जास्त क्षमतेचा चालतो, कमीचा कधीच नाही. नवा बसवताना हीट सिंकची जुनी पेस्ट पुसून नवी पातळ लावा.

व्हॅरिस्टर ही फ्यूजजवळची निळी किंवा पिवळी चकती, बहुधा ४७१ लिहिलेली, म्हणजे ४७० व्होल्टची. ती फुटून काळी पडली असेल तर घरात व्होल्टेज वाढलं होतं. खांबावरचा न्यूट्रल तुटला की एका घराला ४०० च्या जवळ व्होल्ट मिळू शकतात. अशा वेळी ती चकती स्वतः जळते आणि फ्यूज उडवते. पुढचा बोर्ड बहुतेक वेळा वाचलेला असतो, आणि चकती व फ्यूज बदलून काम होतं. पण आधी महावितरणकडे तक्रार करून न्यूट्रल नीट करून घ्या. शेजारच्या घरांतही काहीतरी जळालं असेल तर शंकाच नको.

पार्ट बसवल्यावर थेट प्लग लावू नका. १०० वॅटचा पिवळा, फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवून लावा. एलईडी चालत नाही. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट अजून आहे. पेटला नाही किंवा मंद राहिला आणि डिस्प्ले आला, तर पुढे जायला हरकत नाही. भांडं ठेवून तापवण्याची चाचणी मात्र बल्ब काढूनच होते.

९. आख्खा बोर्ड मागवू की एकेक पार्ट?

शॉर्ट एकाच ठिकाणी असेल तर पार्ट. बोर्डची पट्टी जळून कोळसा झाली असेल, किंवा झुरळांनी आत घर केलं असेल, तर बोर्ड. तोही त्याच मॉडेलचा. ‘युनिव्हर्सल’ बोर्डबद्दल लोक खूप विचारतात. खालची तांब्याची कॉइल आणि बोर्डवरचा ०.२७ किंवा ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकमेकांना जुळवलेले असतात. जोडी चुकली की आयजीबीटीवर ताण येतो आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा जातो. युनिव्हर्सल घ्यायचाच असेल तर सोबत कॉइल येते तोच घ्या.

दुरुस्ती होऊन महिना-दोन महिन्यांत तोच आयजीबीटी दुसऱ्यांदा गेला, तर आणखी पैसे घालू नका. ओटीजीचं उलट आहे. पत्रा सडलेला नसेल तर त्याचे सगळेच भाग बदलता येतात आणि दुरुस्ती बहुधा परवडते.

१०. इंडक्शनची काच तडकली. काचवाल्याकडून कापून आणली तर?

नाही. ती खिडकीची काच नसते, टफन्ड केलेलीही नसते. ती काच-सिरॅमिक असते, तापल्यावर जवळजवळ फुगत नाही, म्हणून एकीकडे गरम तवा आणि शेजारी थंड पाणी हे तिला झेपतं. साधी काच पहिल्याच भाकरीला फुटेल.

लांबी, रुंदी, जाडी आणि कोपऱ्याची गोलाई मिलीमीटरमध्ये मोजा. बटणांचं छापील चित्र जुळलं नाही तर टच चुकीच्या जागी लागेल, म्हणून काच मॉडेल नंबरनेच मागवा. जुना चिकट थर ब्लेडने खरवडा आणि उष्णता सोसणारा सिलिकॉन लावून २४ तास वाळू द्या. मधला उष्णतेचा सेन्सर काचेला नीट टेकला पाहिजे, तिथे पांढरी पेस्ट लागते. टेकला नाही तर तवा लाल होईपर्यंत इंडक्शनला पत्ताच लागत नाही.

तडकलेली काच चिकटपट्टी लावून वापरू नका. फटीतून ओल आत गेली तर खाली थेट करंट आहे.

११. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दर उन्हाळ्यात इंडक्शन मध्येच बंद पडतं. पंखा बदलायचा का?

आधी साफ करा. यंत्रमागांच्या परिसरात सुताची धूळ हवेतच असते. ती तळाच्या जाळीवर बसते आणि पंख्याच्या पात्यांना गुंडाळते. त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. आत येणारी हवाच इतकी गरम असली की हीट सिंक थंड होत नाही आणि सुरक्षा म्हणून यंत्र बंद होतं. हा दोष नाही, राखण आहे.

महिन्यातून एकदा तळाची जाळी कोरड्या ब्रशने साफ करा. इंडक्शन भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, खाली प्लास्टिकचा कपडा अंथरू नका. कडक भाकरीसाठी रिकामा जाड तवा तासन्‌तास ठेवत असाल तर मध्ये विश्रांती द्या.

पंखा खडखडत असेल किंवा फिरतच नसेल तर बदला. स्टिकरवरचे व्होल्ट बघा, १२ आणि १८ दोन्ही सापडतात. १८ च्या जागी १२ चा लावला तर लवकर जळतो, उलटं केलं तर हळू फिरतो आणि बंद पडण्याचा त्रास तसाच राहतो.

१२. पावसाळ्यानंतर ओटीजी लावला की ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो. रॉड बदलायचा?

कदाचित नाही. लोखंडी नळीच्या रॉडमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती ओल ओढून घेते. चार-पाच महिने न वापरलेला ओटीजी गौरी-गणपतीला किंवा दिवाळीच्या नानकटाईला काढला की हे होतं.

रॉड काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास ठेवा, मग गार करून प्रश्न ३ मधली गळतीची चाचणी पुन्हा करा. गळती गेली तर रॉड चांगला आहे. गेली नाही तर बदला. ईएलसीबी पडू नये म्हणून अर्थिंगची वायर काढून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका, मग करंट दाराच्या कडीला येतो.

१३. ओटीजीचा थर्मोस्टॅट आणि टायमर मागवताना काय जुळवायचं?

थर्मोस्टॅट खरंच बिघडलाय का, ते आधी ओव्हनच्या थर्मामीटरने बघा. १८० वर लावल्यावर तापमान १६५ ते १९५ मध्ये वरखाली होणं सामान्य आहे. बिघाड नक्की असेल तर प्रकार पाहा. लहान ओटीजीत पट्टीचा असतो, मोठ्यात पातळ तांब्याच्या नळीचा. नळीच्या थर्मोस्टॅटमध्ये तापमानाची मर्यादा, नळीची लांबी आणि टोकाच्या फुग्याची जाडी जुळवा. नळीला कडक घडी पडली तर ती तुटते आणि पार्ट वाया जातो.

दोन्हींच्या दांड्याची लांबी आणि काप बघा. बहुतेक दांडे ६ मिलीमीटरचे, एका बाजूने चपटे असतात, पण चपटी बाजू वर की खाली यावर नॉबचा बाण चुकतो. टायमर १६ अँपिअरचा घ्या. काही टायमरना उलट फिरवून ‘सतत चालू’ ठेवण्याची सोय असते. जुन्यात ती होती का ते आठवा.

१४. सोलापुरात मिळतं का, की पुण्याहूनच मागवावं लागतं?

कॉइल, फायबर वायर, थिंबल, प्लग, साधे रॉड, फ्यूज शहरातच मिळतात. नवी पेठ आणि टिळक चौकाकडच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत जुना भाग हातात घेऊन जा. फोनवर वर्णन करत बसू नका. काच, टचचा बोर्ड, भिंतीतल्या ओव्हनचे भाग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच मागवा.

आयजीबीटी, व्हॅरिस्टर, कपॅसिटर अशा इलेक्ट्रॉनिक भागांसाठी पुण्यात बुधवार पेठ, पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि हैदराबादेत कोटी या भागातला बाजार. पुणे साधारण २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या थोडं पुढे, त्यामुळे सोलापूरकराला दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. घरात कुणी तेलुगू बोलत असेल तर कोटीतल्या दुकानाशी भाव ठरवणं सोपं जातं, आणि पूर्व भागात अशी माणसं घरोघरी आहेत.

१५. ऑनलाइन मागवताना फसगत कशी टाळायची?

यादीत तुमचा मॉडेल नंबर शेपटासकट लिहिलेला असेल तरच घ्या. ‘सर्व मॉडेलना चालेल’ हे वाक्य नॉबबद्दलही खरं नसतं. विक्रेत्याला जुन्या भागाचा फोटो पाठवून ‘हाच बसेल’ असं लेखी उत्तर घ्या. पुढे परत करताना तेच कामाला येतं.

पार्सल उघडतानाचं चित्रीकरण पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरू करा, मध्ये थांबवू नका. इलेक्ट्रॉनिक भाग एकदा डाग देऊन बसवला की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून आधी मोजमाप, मग बसवणं. बनावट आयजीबीटी बाजारात भरपूर आहेत. खरवडून पुन्हा छापलेली अक्षरं बोटाने घासली तर पुसट होतात.

१६. वॉरंटी आहे, पण सर्व्हिसवाला येतच नाही. बाहेरून पार्ट टाकू का?

टाकू नका. सील तुटलं की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. तक्रारीचा नंबर घ्या आणि ई-मेलवर पाठपुरावा करा. पुढची पायरी खालच्या उत्तरात.

१७. कंपनी म्हणते मॉडेल बंद झालं, पार्ट मिळणार नाही. काही उपाय?

नकार लेखी मागा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रांचे तपशील असतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तिथून दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिल, तक्रारीचे नंबर आणि तो लेखी नकार सोबत लागतो.

दरम्यान प्रश्न २ मधली युक्ती करा. बंद झालेलं असतं ते मॉडेल, आतला टायमर किंवा मोटर अजून बनत असू शकते.

१८. मुलाने अमेरिकेहून रेंज पाठवली आहे. इथे चालेल का, आणि पार्ट कुठले?

तिकडची रेंज २४० व्होल्टची, ६० हर्ट्झची आणि चार वायरींची असते. दोन वायरींत मिळून २४० आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२०. शेगड्या आणि ओव्हनचे रॉड २४० वर चालतात, ते आपल्या २३० वर आठेक टक्के कमी तापतात, एवढंच. अडचण घड्याळ, दिवा आणि कंट्रोल बोर्डची आहे. ते १२० चे असतात, २३० मिळाले की लगेच जातात. त्यांच्यापुरता २३० ते १२० चा छोटा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, पूर्ण रेंजसाठी मोठा नको. काही रेंजमध्ये न्यूट्रल आणि पत्र्याची बॉडी एका पट्टीने जोडलेली असते. ती पट्टी काढून बॉडीला स्वतंत्र अर्थिंग देणं सक्तीचं समजा.

चार शेगड्या आणि ओव्हन एकदम लावले तर भार ९ किलोवॅटच्या वर जाऊ शकतो, म्हणजे ३९ अँपिअर. घराचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो, तो बघा. वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करा आणि परवानाधारक ठेकेदाराकडून मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून घ्या.

सुटे भाग तिकडूनच आणावे लागतील. मुलगा पुढच्या वेळी येताना ६ इंची आणि ८ इंची कॉइल एकेक, शेगडीचा एक स्विच आणि ओव्हनचा खालचा रॉड त्याच मॉडेल नंबरने मागवून ठेवा. दुबईहून आणलेल्या शेगडीला यातलं काहीच लागत नाही. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. फक्त तीन चौकोनी पिनांचा प्लग काढून १६ अँपिअरचा बसवा. त्या प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणून नव्या जोडणीवर १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असल्याची खात्री करा.